बुडीत येणी

दाल्काउएच्या धक्क्याला ओहोटी लागली होती.
सामनवाल्या कंपनीने मला पाठवलं ते एका आकड्यासाठी:
एदेल्मिराबाईंचा होड्यांचा कारखाना
आज विकला तर किती.

करवतयंत्र. घेतलं चौऱ्याण्णव साली,
दरसाल घसारा, दहा वर्षांत शून्य.
ते शून्य माझ्यासमोर
सायप्रसचा ओंडका उभा चिरत होतं
आणि भुसा माझ्या वहीच्या घडीत साचत होता.

लाकूड, खरेदीच्या भावाने.
"सात वर्षं सावलीत वाळलंय ते," बाई म्हणाल्या.
वाळणं कुठल्या रकान्यात लिहायचं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी त्यांना समजावलं,
दहा वर्षांनी येणारे शंभर पेसो
दहा टक्क्यांनी मागे आणले
की आज उरतात साडेअडतीस.
त्या हसल्या.
"सासऱ्याने टेकडीवर रोपं लावली, पणतवाच्या होडीसाठी.
त्याला हे गणित येत नव्हतं
ते बरंच झालं."

मग ख्याती.
रेमिहिओच्या हातची होडी उलटत नाही, असं बेटावर बोलतात.
रेमिहिओ मार्चमध्ये गेला.
बोलण्याला पावती नसते. मी रकाना कोरा ठेवला.

शेवटी उधारीची वही, माशाच्या तेलाने मेणचट.
तीन वर्षांवरची येणी बुडीत धरायची, हा नियम.
मी लाल रेघा ओढत गेले.
बुडीत. बुडीत.
एका नावापुढे रेमिहिओच्या अक्षरात:
बुडाला, खाडीच्या तोंडाशी. बायकोकडे मागू नये.

तेवढ्यात दारात ओले बूट वाजले.
बेलार्मिनो चिगुआय, खांद्यावर पोतं,
पोत्यात जांभळे बटाटे, मातीसकट.
"वल्ह्याचे," एवढंच बोलला.
वल्हं अठ्ठ्याण्णव सालचं.
बाईंनी वही माझ्या हातून घेतली,
माझ्या लाल रेघेवरच लिहिलं: एक पोतं.
मग बोटांवर काही मोजून:
"अजून अर्धं राहिलं रे."
"माहीत आहे," तो म्हणाला, आणि शेगडीपाशी बसला.

अहवालातला आकडा मी बदलला नाही.
नववं पान, तळाशी, दोन दशांशांपर्यंत.

निघताना बाईंनी ओंजळभर बटाटे
माझ्या टोपीत ओतले.
भेट घेणं नियमात बसत नाही,
म्हणून विचारलं, किती द्यायचे?

"ते तू सांग की,
किंमत काढायला तूच आलीस ना."