अडखळ

कुताइसीत, नदीकाठच्या तिसऱ्या मजल्यावर
त्सिआलाचा कॉम्प्युटर तीन रात्री
एक लग्न गिळायला बघतोय.
एकसष्ट टक्क्यांवर घास अडकतो,
नेमका तिथे, जिथे नवरीचे वडील
वाइनचं शिंग उचलतात
आणि हात तुटक तुटक वर जातो,
मधलेच क्षण कुणी खुडून नेल्यासारखा.

दुकानातला मलखाज म्हणाला,
नवं ग्राफिक्स कार्ड म्हणजे दोन लग्नांची कमाई.
आधी बघू, दुखतंय कुठे.
झाकण निघालं. आत पाच वर्षांची धूळ,
मांजराचे केस,
आणि आठ जीबीची एकुलती एक पट्टी,
सगळं घर एकट्या सुनेवर टाकावं तशी राबणारी.

सोळाच्या दोन घेतल्या,
कुणीतरी काढून विकलेल्या. एक एसएसडी.
ओठांत स्क्रू धरून तिने घरी स्वतःच बसवल्या.
खट्.
खट्.

आता लग्न पाण्यासारखं वाहतंय.
पदर उडतात, बूट नाचतात, मेणबत्ती कुठेच थबकत नाही.
वडील उठतात. शिंग उचलतात.
हात तरीही
तुटक तुटकच वर जातो.

ती मागे जाते. एकेक फ्रेम मोजते.
एकही गळलेली नाही.

मार्चमध्ये ते गेले.
बाबांचा तेवढा भाग नीट कर हं,
मुलगी फोनवर म्हणाली होती.
थरथर घालवायचं बटण आहे. कर्सर
त्याच्यावर बराच वेळ उभा राहतो,
मग बाजूला होतो.

टेबलावर एक स्क्रू उरलाय.
कुठला, ते तिला आठवत नाही.