नमुना क्रमांक चौदा

खोबरला, बावझीरच्या दुकानात
डिसेंबरचा अंक एप्रिलमध्ये यायचा.
विणकामाचं विलायती मासिक, गुळगुळीत,
दर अंकात सोळा नमुने,
मधल्या पानांत पिनांना चढलेला गंज.
बाहेर त्रेचाळीस अंश,
आणि मी लोकर मागते म्हणून
सालेम बावझीर दर वेळी तेवढंच हसायचा.

अंक माझ्या आधी कुणीतरी वाचलेला असे.
विमानतळावर, की बंदरावर, कुठल्याशा खोलीत
जाड मार्कर घेऊन बसलेला एक माणूस
स्वेटरवाल्या बाईचे गुडघे काळे करी,
मग दंड,
मग हनुवटीपासून खाली चार बोटं.
त्याला बाई दिसत होती.
मला फक्त गळा हवा होता.

शाई इतकी, की पाठीमागची कृतीसुद्धा बुडालेली.
‘आता गळ्यासाठी मधले अठ्ठावीस टाके’
इथपर्यंत लागायचं.
पुढे अंधार.

मी पान ट्यूबलाइटसमोर धरलं.
लिलियन डिमेलोने नखांचं रंगकाढू औषध आणलं,
कापूस बुडवून हलक्या हाताने पुसलं,
तर शाईबरोबर गळाही गेला,
आणि पलीकडच्या पानावरची बाळाची टोपी.

मग गुरुवारी संध्याकाळी, पुरुष पत्त्यांना बसले की
आम्ही चौघी अंदाजाने विणायचो.
शमशाद परकारने बंद गळा केला, कॉलर घातली.
अन्नम्माने चौकोनी.
लिलियनचा डोक्यातून जाईना, तो तिने उशीला चढवला.
मी तिरका घेतला, एका बाजूला तीन गुंड्या,
कारण तिकडे माझे टाके चुकले होते
आणि उसवायचा कंटाळा आला.
एकाच नमुन्याचे चार गळे.
यांनी तो एसीच्या ऑफिसात सतरा वर्षं घातला.
कुणी विचारलं तर सांगत, विलायती डिझाइन आहे.

अंक बारीक होत गेला.
आधी सोळाचे दहा नमुने.
मग दोन महिन्यांचा मिळून एक.
मग मुखपृष्ठावर चिकटवलेल्या फुकट सुया,
त्या वाटेतच कुणी काढून घेतलेल्या.
शेवटच्या दोन अंकांवर मार्करचा ठिपकाही नव्हता.
तो माणूस निवृत्त झाला असेल,
किंवा त्याला आता
बघायला दुसरं काही दिलं असेल.
मला उगाच चुकल्यासारखं झालं.
इतकी वर्षं माझ्याइतकं लक्ष देऊन
ते मासिक दुसरं कोण चाळत होतं?

बावझीरच्या दुकानात आता त्याचा मुलगा बसतो.
फोनची कव्हरं, चार्जर, काचेवर चिकटवायच्या काचा.
मासिकांच्या तारेला तो इयरफोन टांगतो.
लोकर, म्हटलं मी, यंदा गेले तेव्हा.
त्याने फोनमध्ये शोधून दाखवली,
नव्वद रंगांची, उद्या घरपोच.
हसला मात्र नाही.

परवा मुक्ताने, नातीने,
त्या मासिकाचे सगळे अंक फोनवर काढले.
कुणीतरी, कुठल्यातरी थंड गावात बसून
पान न् पान उतरवून ठेवलंय.
आजी, कोणतं वर्ष? कोणता नमुना?
मी सांगितलं. चौदा.
दोन बोटांनी तिने बाई मोठी केली.
दंड गोरे, गुडघ्यावर एक तीळ,
आणि गळा.

साधा गोल गळा.
दोन सुलट, दोन उलट, सहा ओळी, बंद.
शाळेतल्या मुलीलाही जमेल.

शमशादला कळवायला हवं, म्हटलं.
मग आठवलं, कुणाला कळवायचं.

मुक्ता पाणी प्यायला गेली तेवढ्यात
मी फोन उचलला
आणि नकळत ट्यूबलाइटसमोर धरला.
पाठीमागे काहीच छापलेलं नव्हतं.
बाळाची टोपीही नाही.