रिव्हर्स

इडवालची गाडी दोनच माणसांची,
हिरवी, बुटकी, छप्पर कापडाचं.
पुढचे पाचही गिअर लोण्यातून सुरी जावी तसे.
रिव्हर्सला मात्र दात खाते.

"करकरते की अडते?"
"टेग्वेन, ती चक्क नाही म्हणते."

मी इंजिन बंद करते. दांडा दाबून डावीकडे, वर.
कट्. निमूट बसला.
इंजिन चालू, आणि पुन्हा तीच करकर.
म्हणजे दोष दांड्यात नाही,
क्लच पुरता सुटत नाहीये.
पाय तळाला टेकला तरी आत कुणीतरी
कुणाचा तरी हात धरून आहे.
पुढच्या गिअरांची समजूत घालायला पितळी कडी असते.
रिव्हर्सला तीही नाही.
आतलं चाक थांबेल तेव्हाच तो बसणार.

"आधी दुसरा टाकून बघ, मग मागे."
"तेच केलं," म्हणतो. मग गप्प.
मग मंगळवारचं सांगतो.

पोर्थ मेलिनकडे उतरणारी वाट, दोन्हीकडे झुडपांच्या भिंती,
मध्ये एका गाडीपुरतं डांबर.
समोरून ग्रिफ प्रॉदेरो, मागे मेंढ्यांचा ट्रेलर.
कुंपणाच्या दीड हातावरून
आठ वर्षं दोघांत शब्द नाही.
वाट द्यायची जागा इडवालच्या मागे, वीस पावलांवर.
सरायचं त्यानेच, हे मेंढ्यांनाही कळत होतं.
दांडा ओढला. करकर.
पुन्हा. करकर.
काचेपलीकडे ग्रिफचा जबडा आवळत गेला.

"त्याला वाटलं मी हटून बसलोय."
"मग?"
"मी दोन्ही हात वर केले. असे."

ग्रिफ उतरला. बॉनेटवर तळवे टेकले.
इडवालने दाराच्या चौकटीला खांदा लावला,
एक हात स्टिअरिंगवर.
वीस पावलं, चढावर, दोघं.
वर पोचल्यावर ग्रिफ धापा टाकत एवढंच म्हणाला,
"क्लच."

मी खाली सरकते. सिलिंडरची रबरी टोपी ओली,
बोटाला काळा थेंब.
बरोबर होतं त्याचं.
इडवालला सांगत नाही, त्याला माहीत आहे.

नवा सिलिंडर, नवं तेल.
"दाब. धर. सोड."
नळीतून बुडबुडे येतात, मग येत नाहीत.

"पुन्हा असं झालं तर?"
"इंजिन बंद करून रिव्हर्स टाक, क्लच दाबून मग चावी फिरव.
नाहीतर ग्रिफला बोलाव."
तो हसत नाही.

दार उघडं, पुढचा रस्ता मोकळा,
तरी निघताना एकदा उगाच मागे घेतो.
आवाज नाही.
फक्त माझी बादली चेपते.