टाचेपाशी उघडी रेघ

शनिवारी वाचनालयाच्या तळघरात
आम्ही मुलांची चित्रं चालवतो.
पोलंडमधलं वूच शहर, नोव्हेंबर;
खिडकी एवढी वर की रस्त्यावरच्या लोकांचे
घोटे तेवढे दिसतात, आणि ट्रामची चाकं.

कालिनानं आई काढली.
हिरवा कोट, डोक्यातूनच फुटलेले हात,
आणि डाव्या बुटाच्या टाचेपाशी
रेघ मिटायची राहिली.

यंत्राला उघडी रेघ चालत नाही.
आतलं कुठलं नि बाहेरचं कुठलं
हे त्याला कडेवरूनच कळतं.
फट सापडली की कागदाचा पांढरा आत शिरतो
आणि आई टाचेपासून विरघळायला लागते.
म्हणून मी पेन्सिलीनं, तिच्या नकळत,
नखाएवढी रेघ ओढली.
एवढं करावंच लागतं.

मग ठिपके पडले: खांदे, मनगटं, गुडघे.
कोपर कुठे आहे, यंत्रानं विचारलं.
कोपर नव्हतंच. हात शेवयांसारखे होते.
मी अंदाजानं एक टेकवलं.
कळ दाबली. आई उठली, चालली, वळली,
हात हलवून पुन्हा चालली.
कालिना टाळ्या वाजवायच्या बेतात होती.
वाजवल्या नाहीत.

मागच्या बाकावर पान झेनॉन.
इकडे बाप्याला आदरानं ‘पान’ म्हणतात,
आणि हा तर खरोखरीच पानांचा माणूस.
एकतीस वर्षं कार्टूनच्या स्टुडिओत
मधली चित्रं काढली.
पाय उचलला, ते दुसरा कुणी काढायचा;
पाय टेकला, तेही दुसराच;
उचलल्यापासून टेकेपर्यंतची अकरा पानं याची.
पडद्यावर नाव आलं नाही. आलं असेल तर
फार भराभर वर सरकलं.

तो उठून जवळ आला. चष्मा कपाळावर.
पुन्हा लाव. पुन्हा.
आता त्या मुलाचा भोपळा लाव.
आता तो तीन डोळ्यांचा कुत्रा.
भोपळा चालला, कुत्रा दोन पायांवर चालला,
आणि झेनॉन म्हणाला,
“याचा उजवा गुडघा दुखत होता.”
कुणाचा?
“जो चाललाय त्याचा. बघ,
उजवा पाय एक पान उशिरा सुटतो.
वजन टाकताना बिचकतो.
घरी जिना असणार.”

खरं होतं. कुठल्याशा गावी, मोठ्या रिकाम्या खोलीत
अंगभर बटणं चिकटवून एक माणूस
कधीतरी इकडून तिकडे चालला,
पैसे घेऊन घरी गेला.
चाल मागे राहिली. तीच आम्ही सगळ्यांना घालतो,
मापाची असो नसो.
चारशे चित्रं चालवली मी
आणि मला गुडघा दिसला नव्हता.

“म्हणजे आईच्या आत एक काका आहे?”
झेनॉननं चष्मा खाली घेतला, पुसला.
“आहे. दमलाय.”
“आई अशी चालत नाही. ती घाईत येते,
मग दारापाशी थांबते. किल्ली सापडत नाही.”
“कुठल्या खिशात असते?”
“कुठल्याच नाही. पिशवीत.”
त्याची बोटं टेबलावर वाजायला लागली.
थांबणं. किती पानांचं होईल?

कालिनानं कागद मागून घेतला.
माझी रेघ तिला पहिल्यापासून ठाऊक होती.
खोडरबरानं घासली, फुंकर मारली,
कागद उजेडात धरला.
“आता त्याला जाता येईल.”

मी पुन्हा स्कॅन केलं.
आकृती सापडत नाही, यंत्र म्हणालं,
आणि मी काही ते दुरुस्त करायला गेले नाही.

सव्वापाचला खिडकीत हिरव्या कोटाची कड आली,
खाली दोन बूट, घाईत,
आणि थांबले.
कालिना दप्तर भरायचं सोडून वर बघत राहिली.
झेनॉन ओठांतल्या ओठांत मोजत होता:
अठरा, एकोणीस