उतार

खारपाणपट्ट्यात उतार नाही.
पाणी सांडलं तर तेही जरा विचार करतं, कुठं जावं.
पण आमच्या मॅटाडोरला उतार लागतो.
सेल्फ मनाला येईल तेव्हाच घेतो, सहा वर्षं झाली,
म्हणून तालुक्यातला एकूण एक उतार बाबांना पाठ:
लहान रेल्वेच्या बंद फाटकाची दोन्ही अंगं,
येवद्याच्या शाळेमागचा उकिरडा,
पूर्णेच्या पुलाकडचा भराव,
आणि सांगळूदला काहीच नाही, तिथं पोट्टे.

लग्नाची बिछायत ठरवायला कुणी आलं
की बाबा आधी विचारतात,
"मांडव कोनीकडे घालता? उंचावर हाये काय जराक?"
पाहुण्याला वाटतं, माणूस पाण्यापावसाचं बघतो.

हिशेब मी ठेवते.
दोनशे खुर्च्या, अकरा गंज, चार डेगी,
झारे सहा (एक गहाळ, लोतवाड्याची तेरवी),
आणि वहीच्या शेवटच्या पानावर नुसती गाडी:
डाव्या दाराला नायलॉनची दोरी.
तिसरा गिअर हातानं धरून ठेवायचा, नाहीतर निसटतो.
वायपर एकच, तोही माझ्या बाजूचा.

इंजिन दोन सीटच्या मधोमध, झाकणाखाली.
वर डबा ठेवला की भाकर गरम राहते
आणि तिला डिझेलचा वास लागतो.
घरची ताजी भाकर आता मला
जराशी फिकी लागते.

कय्यूम मिस्त्री त्याच झाकणावर कान टेकायचा,
डोळे मिटून, विहिरीत पडलेली बादली ऐकावी तसा.
"बुढी झाली, पन खोटं नाई बोलत."
मग सीटखाली हात घालून हातोडीचा एक ठोका.
एकच. दुसरा कधी लागला नाही.
बाबांसाठी त्यानं तिथं पांढऱ्या ऑइलपेंटनं
गोल काढून ठेवला, इथं मारा म्हणून.

बाबांनी त्या गोलात शंभरदा मारलं.
जोर किती, ते त्याला काढून ठेवता आलं नव्हतं.

मिस्त्री मार्चात गेला.
चाळीसव्याला खुर्च्या आमच्याच.
गाडी फाटकापर्यंत आली
आणि चढाच्या बाजूला थांबली.
हातोडी झाली. शिवी झाली. दोरी सोडून दार झालं.
मग बाबांनी झाकणावर कान टेकला, पहिल्यांदाच,
आणि बराच वेळ उचलला नाही.
"काय म्हणते?"
"काईच नाई. कान पोळला."

मिस्त्रीचा अशफाक मोटारसायकलवर आला.
त्याचं दुकान मोबाइलचं.
त्यानं पाना मागितला नाही, खुर्च्या मागितल्या.
चार-चार खुर्च्या डोक्यावर पालथ्या घेऊन
माणसं रूळ ओलांडून गावाकडं निघाली,
लांबून बघावं तर
आभाळाकडं पाय केलेली एक रांग.
मी वहीत लिहिलं: पोचल्या दोनशे.
भाडं लिहिलं नाही.

बदनेऱ्याचा भंगारवाला वजनातच बोलतो.
पत्रा इतका, लोखंड इतकं, सीटचं काही नाही.
वाकून आत बघताना त्याला पांढरा गोल दिसला.
"हे काय?"
"काई नाई," बाबा म्हणाले.
आणि तो हातोडा उचलत होता तेव्हा,
"तठी मारू नोको."

पिकअप जुनीच घेतली, पण चावी फिरवली की लागते.
बाबांचा अजून तिच्यावर विश्वास नाही.
घरापुढं जागा असताना रोज रात्री
फर्लांगभर नेऊन फाटकाच्या उतारावर लावतात,
तोंड गावाकडं,
चाकाखाली तोच दगड.

"बाबा, हिला हँडब्रेक आहे."
"हाये ना," म्हणतात,
आणि पायानं दगड
अजून थोडा आत सारतात.