शंभरातले दहा

नारिनच्या बाजारात, गंजक्या कंटेनरच्या सावलीत
तोलोगोन टायरांच्या चळतीवर बसून चहा पितो,
आणि किंमत सांगण्याआधी विचारतो,
"जाता कुठे?"

मी म्हणाले, डोंगरात.
"बोलण्यात सगळेच डोंगरात जातात," तो म्हणाला.
"शंभर किलोमीटरांतले किती?"

मरातचा निरोप होता फोनवर, सकाळीच आलेला:
मोठ्या दातांचे घे, चिखलाचे,
गल्लीत शिरताना लोकांनी वळून बघायला हवं.
तो येकातेरिनबुर्गला अकराव्या मजल्यावर काँक्रीट ओततो
आणि बसने कामाला जातो.

मी बोटांवर मोजायला लागले.
शाळा. दवाखाना, सासूबाईंच्या गोळ्या संपल्या की.
पीठ, कोळसा, पुन्हा शाळा.
आइदाईचा कोमुझचा वर्ग, मागच्या सीटवर वाद्य आडवं
आणि एर्मेक त्याच्याखाली अंग चोरून.
नव्वद तर डांबरच निघालं.
आपलं आयुष्य एवढं सपाट आहे
हे टायरवाल्यासमोर कळावं!

पण उरलेले दहा.
दिराच्या कुरणापर्यंतचे शेवटचे दहा.
तिथे रस्ता नाही, चाकोरी आहे नुसती,
एकामागून एक गेलेल्यांनी पाडलेली.
धरली तर चिखल, सोडली तर ओढा.
मे महिन्यात, रात्री दोन वाजता, नुरझातला कळा सुरू झाल्या तेव्हा
जुन्या टायरांच्या खाचा साबणासारख्या भरून आल्या होत्या
आणि मी पहिल्या गिअरमध्ये
कुणाला तरी शिव्या देत होते, बहुधा मरातला.
मूल खाली दवाखान्यातच झालं, हे आपलं नशीब.

हे सगळं मी तोलोगोनला का सांगितलं, माहीत नाही.
त्याने चहाचा चोथा फेकला, आत गेला,
बाजूला डोंगर आणि डोंगरात हिमकण कोरलेला
एक टायर लोळवत आणला.
ना राक्षसाचे दात, ना बोळकं.
काठावरचे चार आकडे वाचून दाखवले:
मागच्या वर्षीचा, एकोणतिसावा आठवडा.
"रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं," म्हणाला,
आणि नख रुतवून दाखवलं.

पैसे दोघांचे होते.
दोन नवे पुढे, दोन जुने मागे, चालेल?
"चारही चाकं ओढतात तुझ्या गाडीत.
दोन झिजलेली, दोन कोरी, घेर वेगळा,
मग मधले गिअर आपसात भांडत बसतात
आणि बिल तुझ्या दारात येतं."
एर्मेकने जुन्या टायरच्या खाचेत दहा सोमचं नाणं उभं केलं.
ते रुतलंच नाही, पडलं,
गडगडत गाडीखाली गेलं.

ते काढायला वाकले आणि उठताना
टपावरचा कॅरिअर दिसला.
मरातने स्वतः वेल्डिंग केलेला, दिव्यांसाठी चार भोकं पाडलेला.
दिवे अजून यायचेत, सहा वर्षं झाली.
तोलोगोनने मान वाकडी करून बघितला,
एकदा ठोकला.
"दोन टायरांचा होईल," म्हणाला. "जेमतेम."

संध्याकाळी परतताना डांबरावर
गाडी मांजरासारखी चालत होती.
सासूबाई झोपलेल्या, मुलं भांडून दमलेली.
फोन खिडकीशी धरून मी मरातला
अर्ध्या मिनिटाची शांतता पाठवली.
म्हटलं, ऐक,
हा आवाज घेतला मी.
दातांचे घेतले असते तर एव्हाना आपण दोघं
ओरडून बोलत असतो.

ओढ्यापाशी काय होईल ते शनिवारी कळेल.
हवा थोडी कमी करून जा, असं तोलोगोनने बजावलंय,
आणि वर येऊन भर, विसरू नकोस.

घराच्या वळणावर फोन वाजला.
छान आहे, मरातने लिहिलं होतं.
आणि खाली, थोड्या वेळाने:
पण कॅरिअरची शिट्टी कुठे गेली?