चौदा गोण्या

सिडकोतलं घर, ऑक्टोबरचं ऊन.
स्लॅबवरचं शेवाळ कडेनं पापडासारखं सुटलेलं,
टाकीच्या सावलीत मात्र अजून
हिरवं, निसरडं.

तारेचा ब्रश, ब्लीचिंग पावडर,
गुडघ्याखाली दुमडलेलं पोतं.
खालून वत्सला ओरडते,
पाइपात ढकलू नका, तुंबेल!
ढकललं.

ज्या कोपऱ्यातून दरवर्षी गळतं
तिथं ब्रशखाली अक्षरं वर आली,
ओल्या सिमेंटात खिळ्यानं ओढलेली,
केदू मिस्तरीच्या हातची:
१४ गोण्या.

वडिलांनी पैसे मोजले होते वीसचे.

केदू अजून भेटतो सातपूरच्या नाक्यावर,
घर कसंय विचारतो,
चहाचे पैसे काही देऊ देत नाही.

उकिडवा बसून हिशेब करतोय,
सहा गोण्यांचे
किती कप होतात?

खालून आवाज येतो:
तुंबला.